उसनी गाणी, रिकामी घरे : एक प्रस्तावना

विकाऊ घर पाहावयास गेलेल्या मनुष्याचे वर्तन ज्याने लक्षपूर्वक अवलोकिले आहे, त्याला नाट्यशास्त्राचे प्राथमिक धडे निराळे गिरवावे लागत नाहीत. जो गृहस्थ स्वतःच्या घरी पाण्याचे भांडेदेखील आपल्या हाताने उचलून घेत नाही, तो परक्या स्वयंपाकघरात शिरून नळ सोडून पाहतो, ओट्याच्या कडाप्प्यावर बोटांची पेरे वाजवतो, न्हाणीघराची कडी तीनतीनदा लावून उघडतो आणि भिंतीला तळहात लावून, वैद्याने नाडी पाहावी तितक्या गांभीर्याने, ओल कोठवर चढली आहे त्याचा अदमास घेतो. त्याची पत्नी तोवर कपाट ह्या भिंतीला आणि देव्हारा त्या कोपऱ्यात अशी मांडामांड मनातल्या मनात उरकून मोकळी झालेली असते. आणि दलाल मात्र ह्या साऱ्या अवधीत खिडकीपासून हलत नाही, कारण जी वस्तू त्याच्या मालकीची नाही, घरमालकाच्याही मालकीची नाही आणि खरेदीखतात जिचा नामनिर्देशही होणार नाही, ती खिडकीबाहेरची शोभाच काय ती त्याला विकावयाची असते. तिघेही त्या वेळी जे बोलतात ते त्यांचे स्वतःचे नसते. ‘उजेड छान आहे’, ‘हवा खेळती आहे’, ‘घरी विचार करून कळवतो’ ही वाक्ये त्याच खोलीत, त्याच क्रमाने, आधीच्या दहा गिऱ्हाइकांनी उच्चारलेली असतात, आणि नंतरचे दहा उच्चारणार असतात.

रिकाम्या खोल्या आणि त्यांत घुमणारी उसनी वाक्ये एवढ्या भांडवलावर एक अख्खा संगीतप्रधान विनोदी चित्रपट उभा करण्याचे धाडस आलँ रेने ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी केले. १९९७ च्या नोव्हेंबरात तो पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. आमच्या लहानशा चित्रपटमंडळाने त्याची मराठी उपशीर्षके तयार केली असून, प्रदर्शनापूर्वी सभासदांच्या हाती द्यावयाच्या पुस्तिकेस चार शब्द लिहावेत अशी मला आज्ञा झाली. चारांचे किती झाले ते वाचकांच्या दृष्टीस पडतच आहे.

प्रथम नावाविषयी. ‘ऑं कोने ला शांसों’ ह्या फ्रेंच शब्दांचा सरळ अर्थ ‘हे गाणे आम्हाला ठाऊक आहे’ एवढाच; परंतु कोणी ठरीव सबबी सांगू लागला, किंवा शंभरदा दिलेले वचन एकशेएकाव्यांदा देऊ लागला, की फ्रेंच मनुष्य खांदे उडवून हेच शब्द उच्चारतो. ह्याला मराठी प्रतिशब्द शोधताना आमच्या तीन संध्याकाळी खर्ची पडल्या, आणि त्या शोधात असे ध्यानी आले की मराठीने ह्या बाबतीत फ्रेंचांपेक्षा अधिकच मोठा सरंजाम बाळगला आहे. तक्रार करणाऱ्याचे आपण रडगाणे म्हणतो, एकच मुद्दा घोळणाऱ्याचे तुणतुणे म्हणतो, संभाषणात वारंवार येणाऱ्या वाक्याला पालुपद म्हणतो, आणि स्वतःचे मत नसलेला मनुष्य दुसऱ्याची री ओढतो. मनुष्य कंटाळवाणा होऊ लागला की त्याला गाण्याच्या परिभाषेत बसवावयाचे, ही खोड दोन्ही भाषांना सारखीच आहे. ‘री ओढणे’ हा प्रयोग मला विशेष समर्पक वाटतो, कारण ह्या चित्रपटातील पात्रे अक्षरशः तेच करतात. मात्र मंडळातील बहुमत मूळ नाव कायम ठेवावे ह्या बाजूस पडले, आणि मीही बहुमताची री ओढली.

आता चित्रपटातील गाण्याचा प्रकार. पात्रे बोलता बोलता मध्येच ओठ हलवतात आणि त्यांतून फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोकप्रिय असलेल्या एखाद्या गाण्याची ओळ, कधी दोन ओळी, मूळ गायकाच्या मूळ ध्वनिमुद्रणातून ऐकू येते. नृत्य नाही, पार्श्वभूमीचा उजेड बदलत नाही, समोरच्या पात्राला काही विपरीत घडल्याची जाणीवही होत नाही. ओळ संपते, आणि वाक्य जेथे तुटले होते तेथून संभाषण पुन्हा सुरू होते. जुन्या तबकडीवरील खरखर आणि आजच्या माणसाचे तोंड ह्यांची ही अकस्मात गाठ पडते तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक गोंधळतो, पुढील दहा मिनिटांत हसतो, आणि त्यानंतर आपणही दिवसभर हेच करत असतो ह्या शंकेने किंचित अस्वस्थ होतो.

ह्या युक्तीचा पहिला प्रयोग रेनेने जेथे केला आहे ते स्थळ मोठे विलक्षण आहे. साल १९४४, महिना ऑगस्ट. पॅरिसचा जर्मन सेनापती दीट्रिश फॉन शोल्टिट्झ आपल्या कचेरीत बसलेला आहे, आणि शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी शहर उद्ध्वस्त करावे असे हिटलरचे फर्मान त्याच्यापर्यंत पोहोचते. दूरध्वनीचे यंत्र खाली ठेवून तो लष्करी गणवेषातला कठोर मनुष्य तोंड उघडतो, आणि आवाज निघतो तो जोसेफीन बेकर ह्या स्त्रीचा. गाणे १९३० सालचे, आपला देश आणि पॅरिस अशा दुहेरी प्रेमाचे. विनोदाचा थर एकच नाही. बेकर ही अमेरिकेतील सेंट लुईस शहरी जन्मलेली कृष्णवर्णीय नर्तकी. ती १९२५ साली पॅरिसला आली, तेथेच रमली, आणि युद्धकाळात तिने जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकार चळवळीसाठी काम केले. ज्या राजवटीच्या लेखी तिला माणूस म्हणून किंमत नव्हती, त्या राजवटीच्या सेनापतीच्या मुखात तिचा कंठ बसवणे ही एका ओळीत केलेली टीका आहे. आणि तरीही ते गाणे त्याला शोभून दिसते. शोल्टिट्झने पॅरिस उडवले नाही, २५ ऑगस्टला तो शरण आला, आणि त्याच्या ह्या वर्तनामागे शहराचे प्रेम होते, शहाणपण होते की केवळ असहायता होती, ह्याचा खल इतिहासकार आजही करत आहेत. दिग्दर्शकाने त्या वादात न पडता त्याला एक गाणे देऊन टाकले. पॅरिस नावाचे घर पाडावयाचे की राखावयाचे हा प्रश्न आरंभीच उपस्थित करून चित्रपट पुढे जो घरांच्या मागे लागतो तो शेवटपर्यंत.

ही हकीकत पर्यटकांच्या घोळक्याला सांगणारी मार्गदर्शिका कामीय, तिची थोरली बहीण ओदील आणि ओदीलचा अबोल पती क्लोद हे ह्या कथेतील एक कुटुंब. ओदीलला मोठे, नवे, पॅरिस पायाखाली दिसेल असे घर हवे आहे. तिचा जुना स्नेही निकोला बऱ्याच वर्षांनी पॅरिसला परतला असून, बायकोमुलांना आणावयाचे म्हणून तो घरामागून घर पाहत सुटला आहे. घरे दाखविणारा दलाल सिमों मनाने आकाशवाणीसाठी ऐतिहासिक नाट्ये लिहिणारा लेखक आहे आणि कामीयवर त्याचा मूक लोभ आहे. परंतु कामीयचे मन बसते ते सिमोंच्या मालकावर, मार्क नावाच्या देखण्या, आत्मविश्वासाने तुडुंब भरलेल्या व्यापाऱ्यावर. कथानक एवढेच. पटकथा लिहिणाऱ्या आन्येस जावी आणि झाँ-पियेर बाक्री ह्या जोडीनेच कामीय आणि निकोला ह्यांच्या भूमिका केल्या आहेत, आणि स्वतःसाठी लिहिताना त्यांनी स्वतःला यत्किंचितही सवलत दिलेली नाही, ही गोष्ट नमूद करावीशी वाटते.

घर दाखविण्याचे प्रसंग हा ह्या चित्रपटाचा मणका आहे. सिमों निकोलाला एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. निकोला पाहतो, प्रश्न विचारतो, नापसंतीची कारणे शोधतो, आणि हळूहळू आपल्या लक्षात येते की ह्या मनुष्याला घर नकोच आहे, त्याला घर पाहणे हवे आहे. जोवर घर पाहणे चालू आहे तोवर संसार येणार आहे, बायकोमुले पोहोचणार आहेत, आयुष्य उद्यापासून सुरू होणार आहे. इसार दिला की हे सगळे मिथ्या आहे हे कबूल करावे लागेल. दलालाला अशी गिऱ्हाइके ओळखू येतात. सिमोंलाही हे गिऱ्हाईक ओळखू येते, पण तो त्याला तोडत नाही, कारण तो स्वतःही दलालीचे सोंग वठवीत भलतेच आयुष्य जगत आहे. रिकाम्या घरात हे दोघे उभे राहतात तेव्हा त्यांच्यामध्ये जी एक भिडस्त मैत्री उत्पन्न होते ती मला ह्या चित्रपटातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कामीयच्या प्रेमप्रकरणापेक्षाही. निकोला हा दुखणाईत मनुष्यही आहे. तो ह्या डॉक्टराकडून त्या डॉक्टराकडे जातो तेव्हा त्याच्या तोंडी गास्तों उव्रार ह्या विदूषकी गायकाचे अवयवागणिक दुखण्यांचा पाढा वाचणारे गाणे घातले आहे, आणि डॉक्टरांची रांग व घरांची रांग ह्यांतील साम्य आपोआप उघडे पडते.

काळाचा एक संदर्भ येथे दिला पाहिजे. पॅरिसमधील घरांच्या किमती १९९० च्या सुमारास कळसाला पोहोचल्या आणि तेथून जी घसरण लागली ती हा चित्रपट निघाला त्या सालापर्यंत चालू होती. म्हणजे चित्रपटातील दलालांचा आवाज इतका मधुर का, ह्याचे कारण बाजारात आहे. शिवाय १८ डिसेंबर १९९६ रोजी फ्रान्समध्ये कारेझ कायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला होता, ज्यान्वये इमारतीतील सदनिका विकताना तिचे क्षेत्रफळ दस्तऐवजात लिहिणे बंधनकारक झाले; छत १.८० मीटरहून खाली असेल तेवढी जागा हिशेबात धरावयाची नाही, आणि प्रत्यक्ष जागा लिहिलेल्या आकड्याहून विसाव्या हिश्श्यापेक्षा अधिक कमी भरली तर खरेदीदाराने किंमत कमी करून मागावी, अशी त्यात तरतूद आहे. आपल्याकडे कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप ह्या त्रिगुणात्मक मायेला वेसण घालणारा ‘रेरा’ कायदा २०१६ साली आला, तो ह्यानंतर वीस वर्षांनी. परंतु पॅरिस असो वा पुणे, चौरस मीटर आणि चौरस फूट मोजता येतात; खिडकीतून दिसते ते कोणत्या कलमाखाली मोजणार? मार्क ओदीलला जे घर विकतो त्याचे सगळे मोल समोर पसरलेल्या पॅरिसमध्ये आहे, आणि त्या शोभेच्या आड लवकरच एक इमारत उभी राहणार आहे हे त्याला ठाऊक असून तो ते सांगत नाही.

ह्या ठिकाणी स्वानुभवाची एक नोंद केल्यास वाचक क्षमा करतील. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात घर पाहत हिंडत होतो. तिसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेत दलालाने आम्हाला हॉल नाही, स्वयंपाकघर नाही, थेट मागच्या खिडकीशी नेले, काच सरकवली आणि माझ्याकडे न पाहता माझ्या पत्नीला म्हणाला, “वहिनी, सकाळचा चहा इथं. समोर पर्वती.” पर्वती खरोखरच समोर होती, पायऱ्यांवरून चढणारी माणसेही मुंग्यांएवढी दिसत होती. आम्ही दुसऱ्याच दिवशी टोकन दिले. पुढे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत वाचून दाखविले गेले तेव्हा त्यातील चतुःसीमा मी भक्तिभावाने ऐकल्या: पूर्वेस सोसायटीचा अंतर्गत रस्ता, पश्चिमेस शेजारची सदनिका, उत्तरेस जिना, दक्षिणेस मोकळी जागा. दस्तऐवजात असत्य असे एक अक्षरही नव्हते. दोन वर्षांनी त्या मोकळ्या जागेत आठ मजले उभे राहिले, आणि आता पर्वतीच्या ठिकाणी समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरांत अंतर इतके थोडे आहे की कुकरच्या शिट्ट्या कोणाच्या हे कळत नाही, आणि आठवड्यातून एकदा तरी त्यांची तिसरी शिट्टी ऐकून आमची डाळ कच्ची उतरते. ओदीलच्या गृहप्रवेशाच्या मेजवानीत ते गुपित फुटते तो प्रसंग मी प्रथम पाहिला तेव्हा प्रेक्षागृहात इतर लोक हसत होते. आमच्या रांगेतील दोन खुर्च्या तेवढ्या गंभीर होत्या.

कामीयच्या प्रबंधाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. विषय आहे पालाद्रू तळ्याकाठचे, इसवी सन १००० च्या सुमाराचे, शेतकरी-शिलेदार. चित्रपटात तो निव्वळ चेष्टेचा विषय आहे. जो तो तिला विषय विचारतो आणि ऐकल्यावर काय बोलावे ते न सुचून गप्प होतो. परंतु लेखकांनी तो कल्पनेतून काढलेला नाही. पूर्व फ्रान्समधील इझेर प्रांतात हे तळे आहे, त्याच्या पाण्याखाली अशा वस्तीचे उत्खनन झाले आहे, आणि तेथील लोक नांगरही धरत आणि घोड्यावर बसून शस्त्रही चालवीत असे पुराव्यांवरून दिसते. तळ्याचे पाणी चढले म्हणून काही दशकांतच त्यांना ती घरे सोडावी लागली. नव्या घराच्या शोधात निघालेल्या माणसांच्या कथेत बुडालेल्या घरांवरील प्रबंध पेरून ठेवावा आणि त्या साम्याविषयी एक शब्दही बोलू नये, हे जावी आणि बाक्री ह्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य. प्रबंध पुरा झाल्यावर कामीयला जे खोल नैराश्य घेरते, त्याचे चित्रण मात्र मला काहीसे त्रोटक वाटते. विनोदी चित्रपटाला दुःखाशी जेवढा वेळ थांबता येते तेवढाच तो थांबतो आणि मग पुढच्या गाण्याकडे वळतो. मेजवानीच्या प्रसंगात माणसांच्या प्रतिमांवरून पारदर्शक जेलीफिश तरंगत जातात. त्यांचा अर्थ मला कोणी विचारू नये. पाहताना त्या बरोबर वाटतात, एवढेच सांगता येते.

रेनेविषयी थोडक्यात. १९२२ साली ब्रिटनी प्रांतातील वान गावी जन्मलेल्या ह्या दिग्दर्शकाची कीर्ती नाझी छळछावण्यांवरील अनुबोधपटावर, ‘हिरोशिमा मॉन आमूर’ (१९५९) आणि ‘मारिएनबाद’ (१९६१) ह्यांवर उभी आहे. स्मृती हा त्याचा आजन्म विषय, आणि आमच्या तारुण्यात त्याचे नाव उच्चारताना माणसे आवाज खाली आणीत. अशा गंभीर कलावंताने म्हातारपणी चालू गाण्यांचा खेळ मांडावा ह्याचा काहींना विस्मय वाटला, पण मला त्यात विसंगती दिसत नाही. लोकप्रिय गाणे ही प्रत्येकाच्या डोक्यात कोणी न विचारता भाडेकरू म्हणून येऊन राहिलेली स्मृतीच असते, आणि कोणत्याही कायद्याने ती खाली करून घेता येत नाही. ही पद्धत रेनेने डेनिस पॉटर ह्या इंग्रज नाटककाराकडून घेतली आणि चित्रपट त्याच्याच स्मृतीस अर्पण केला. पॉटरने बीबीसीसाठी लिहिलेल्या ‘पेनीज फ्रॉम हेवन’ (१९७८) ह्या मालिकेत तीसच्या दशकातील गाण्यांवर पात्रे ओठ हलवतात. पॉटरचे गाणे सुरू झाले की जग स्वप्नवत होते, माणसे नाचू लागतात. रेनेचे गाणे खिशातून रुमाल काढावा तसे येते आणि पुन्हा खिशात जाते. फ्रान्समध्ये हा चित्रपट अलोट चालला आणि १९९८ च्या सेझार पुरस्कारांपैकी सात त्याने मिळवले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि सिमोंच्या भूमिकेसाठी आंद्रे द्युसोलिए ह्यांना मिळालेला अभिनेत्याचा हे दोन होते.

मराठी प्रेक्षकाला ह्या चित्रपटाशी सलगी करण्यास एक वाट सोपी आहे आणि एक बंद. सोपी अशी की ओठ एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा ह्या व्यवहाराची आपल्याला सवय १९३५ पासून, म्हणजे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन रूढ केले तेव्हापासून आहे. आणि पुरुषदेही बालगंधर्वांच्या मुखातून भामिनी किंवा सिंधू ऐकताना ज्यांच्या आजोबापणजोबांनी ‘वन्स मोअर’ दिले, त्यांना जर्मन सेनापतीच्या तोंडी स्त्रीचा आवाज ऐकून धक्का बसण्याचे कारण नाही. मात्र आपल्या चित्रपटात गाणे हे पात्राचे हृद्‌गत म्हणून येते, ते त्या प्रसंगासाठीच रचलेले असते. येथे ते दुसऱ्या कोणाच्या प्रसंगाचे, दुसऱ्या कोणत्या दशकाचे, पात्राच्या मापाला न बसणारे असे येते, आणि त्या ढगळपणातच गंमत आहे. बंद वाट ही की फ्रेंच प्रेक्षक पहिल्या सुरालाच गाणे ओळखून पुढची ओळ मनात म्हणतो, आणि आपण ती ओळ खाली वाचून समजून घेतो. ओदीलच्या तोंडी फ्रान्स गाल हिचे १९८१ चे गाणे येते तेव्हा पॅरिसच्या प्रेक्षागृहात जो आनंद उसळला असेल, तो कोणत्याही उपशीर्षकात उतरवता येणार नाही. मंडळातील एका सदस्याने त्या जागी सरळ मराठी भावगीते व नाट्यपदे बसवावीत अशी सूचना मांडली होती. आम्ही एका प्रसंगापुरता तो उद्योग करूनही पाहिला, पोट धरधरून हसलो, आणि तो पॅरिसचा न राहता सदाशिव पेठेचा चित्रपट होतो असे पाहून सोडून दिला. अखेर गाण्यांच्या ओळी तिरप्या अक्षरांत आणि संवाद सरळ अक्षरांत एवढीच सोय केली आहे. माझी सूचना अशी की तिरपी अक्षरे चुकली तर चुकू द्यावीत आणि नजर पात्रांच्या ओठांवर ठेवावी.

शेवटी एका जागेविषयी. निकोलाची पत्नी जेन थोड्याच वेळापुरती पडद्यावर येते. ही भूमिका जेन बर्किन ह्या इंग्लंडमध्ये जन्मून फ्रान्सची लाडकी झालेल्या गायिका-अभिनेत्रीने केली आहे, आणि तिच्या ओठांवर येणारे गाणे तिचेच, तिच्याच आवाजातले आहे. बाकी सगळे दुसऱ्याच्या गळ्यात राहत असताना ही एकटी स्वतःच्या गळ्यात राहते; आणि जिच्यासाठी म्हणून इतकी घरे पाहिली गेली ती बाई तर हीच. त्या ओळीला अक्षरे तिरपी द्यावीत की सरळ, ह्यावर आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही. छपाईची मुदत आज संपते आहे, उपशीर्षके करणारे दोघेही आपापल्या मताला चिकटून आहेत, आणि प्रदर्शनाच्या संध्याकाळी पडद्यावर काय उमटते ते इतरांप्रमाणे मलाही तेथेच कळणार आहे.